शनिवारचे पैसे

१

महिन्यातून एकदा बँकेत जायचं म्हणजे कार्मिनचा अख्खा दिवस मोडायचा. हाटकेशहून रिक्षाने भाईंदर पूर्वेला, मग पूल ओलांडून पश्चिमेला, मग बाजारातून वाट काढत बँक. तिथे स्लिप भरायची, पितळी बिल्ला घ्यायचा आणि पंख्याखालची खुर्ची रिकामी होईपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं. पण तिची कधी तक्रार नसायची. नवरा गेल्यापासून उत्तनचं घर कुलूप लावून ती मुलीच्या घरात पाहुण्यासारखी राहत होती. स्वतःच्या सहीने स्वतःचे पैसे काढणं, एवढं एकच काम तिचं म्हणून उरलं होतं. बँकेत जाताना ती कानातले बदलायची, हे तिच्या मुलीच्या, फ्लेव्हियाच्या लक्षात आलं होतं. पण ती काही बोलली नव्हती.

अठ्ठ्याण्णव सालचा नोव्हेंबर होता. मृतांचा दिवस नुकताच होऊन गेला होता. उत्तनला जाऊन मायकेलच्या थडग्यावर मेणबत्त्या लावून आल्याला आठवडाही झाला नव्हता.

काउंटरवर साक्षी नावाची पोरगी बसायची. नवीनच लागलेली, हसतमुख. तिने स्लिपवर शिक्का मारला आणि आपुलकीने म्हणाली, "मावशी, तुम्ही कशाला एवढा वेळ उभ्या राहता? बाहेर मशीन आहे ना. पाच मिनिटांत काम होतं."

"मला न्हाय जमत ते मशीन."

"असं कसं? दर शनिवारी तर काढताय."

कार्मिनला वाटलं, पोरगी दुसऱ्या कुणाच्या खात्याचं बोलतेय. "कोण काढतंय?"

"तुम्हीच ना. म्हणजे कार्डवर नाव मायकेल सरांचं आहे. खातं दोघांचं आहे ना तुमचं."

"मायकेल गेला. मे महिन्यात."

साक्षीचा हात शिक्क्यावरच थांबला. "सॉरी हं मावशी, मला माहीत नव्हतं. मग घरातलंच कोणीतरी काढत असेल. विचारून बघा. कार्ड कोणाकडे आहे?"

कार्मिनने पर्सची चेन उघडली. नोटा घेतल्या, न मोजताच पर्समध्ये टाकल्या आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. कार्ड कुणाकडे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते मायकेलकडेच होतं. उत्तनला, चर्चमागच्या वाळूत, जमिनीखाली.

२

मायकेल भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात टर्नर होता. जन्मभर त्याला पगार शनिवारी मिळाला, पाकिटात. घरी आला की तो हातपाय धुवायचा आणि पाकीट नेऊन तांदळाच्या डब्यात खुपसायचा. बायकोच्या हातात पैसे देणं त्याला कसंतरीच वाटायचं; भीक घातल्यासारखं होतं, म्हणायचा. डब्यात ठेवले की ते घराचे झाले. ज्या शनिवारी पैसे नसायचे त्या शनिवारी तो घरातच शिरायचा नाही. एका वर्षी कारखान्याला टाळं लागलं होतं. तेव्हा दर शनिवारी संध्याकाळी तो यायचा आणि दाराकडे पाठ करून ओट्यावर बसून राहायचा. कार्मिन चूल आवरून दारात यायची आणि म्हणायची, "राहू दे पैशाचं. भात निवतोय. आत ये." एवढं ऐकल्याशिवाय तो उठायचा नाही. रागीट नव्हता, हट्टी नव्हता. लाजाळू होता बिचारा.

मग कारखान्याने पगार बँकेत टाकायला सुरुवात केली आणि सगळ्यांना एकेक प्लास्टिकचं कार्ड दिलं. या कार्डाची मायकेलने जी धास्ती घेतली, ती आयुष्यात कुठल्या साहेबाचीही घेतली नसेल. हरवलं तर? कुणी मारलं तर? शेवटी त्याने जागा शोधली. कपाटात त्याचा लग्नाचा सूट होता, डांबरगोळ्या घालून टांगलेला. "चोर पातळं नेतील, घड्याळ नेतील," तो म्हणाला, "माझा तीस वर्षांचा कोट कोण नेतोय?" कोटाच्या आतल्या खिशात कार्ड जाऊन बसलं. शनिवारी सकाळी बाहेर निघायचं, संध्याकाळी पुन्हा आत जायचं. मशीन रोज पैसे देत असलं तरी हा बाबा शनिवारीच काढणार.

तो गेला सोमवारी. कारखान्यातल्या लेथवर, उभ्याउभ्या.

त्यांच्या गावात माणसाला लग्नाच्या सुटातच पुरतात. त्या गडबडीत, त्या रडारडीत, कार्डाची आठवण कुणाला येणार? कोट अंगात जाईना. तीस वर्षांत मायकेल रुंदावला होता आणि अंग ताठ झालं होतं. शेजारची एक म्हातारी हळूच म्हणाली, मागून काप, पाठ कोण बघतंय. कार्मिन बायकांचे ब्लाउज शिवून द्यायची. कात्री तिचीच होती. कॉलरपासून खालपर्यंत तिने तो कोट उभा फाडला. आपल्याच लग्नाच्या कापडातून कात्री जाताना झालेला आवाज तिला पुढे कित्येक दिवस ऐकू येत होता. दोन्ही पल्ले तिने सेफ्टी पिनांनी पाठीवर टाचले. बाह्या चढवल्या, पुढची बटणं लावली ती डॅरेनने, तिच्या जावयाने. बूट चढलेच नाहीत, नुसत्या मोज्यांवर ठेवलं. हातात जपमाळ गुंडाळली आणि झाकण लावलं.

कार्ड आठवलं ते चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिसानंतर. तेव्हा तिला रडता रडता हसूच आलं. ज्याला जन्मभर कुणी लुटलं नाही, तो शेवटी आपलं कार्ड सांभाळून बरोबरच घेऊन गेला होता. तिने कुणाला सांगितलं नाही. बँकेलाही नाही. असू दे त्याच्यापाशी, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात काही चूक आहे असं तेव्हा तरी वाटलं नाही.

३

बँकेतले साहेब होते शशिकांत देवरुखकर. माणूस वाईट नव्हता, पण मशीनच्या बाजूने बोलणारा होता.

"हे बघा बाई, मशीन खोटं बोलत नाही. कार्ड खरं आहे, नंबर खरा आहे. एकदाही चुकीचा दाबलेला नाही. म्हणजे घरातलंच माणूस आहे."

"घरात कार्ड न्हाय, साहेब."

"मग कुठे आहे?"

काय सांगणार? "हरवलं," ती म्हणाली.

"हरवलं तर तेव्हाच कळवायला हवं होतं. आता चोरी म्हणत असाल तर पोलिसात तक्रार करा, तिची प्रत आणा. मग हेड ऑफिसला पाठवू. तोवर पैशाचं काही सांगता येत नाही. कार्ड बंद करायचं तर तसं लिहून द्या. पण तक्रार करणार असाल तर आधी ती करा, नाहीतर चौकशी कशाची करणार?"

मग सुरू झाल्या खेपा. बँकेतून चौकीत, चौकीतून पुन्हा बँकेत. चौकीतला हवालदार म्हणायचा बँकेचं पत्र आणा, बँक म्हणायची आधी तक्रार आणा. मधल्या काळात शनिवार येत होते आणि जात होते. साक्षी तिला लांबूनच पाहायची आणि मान हलवायची. म्हणजे गेल्या शनिवारीही पैसे निघाले.

रात्री कार्मिन फ्लेव्हियाच्या बाहेरच्या खोलीत आडवी पडायची आणि स्वतःशी हिशोब मांडायची. मेलेला माणूस पैसे काढत नाही. बरं, मग कार्ड जमिनीखाली नाही. नाही, तर झाकण लागायच्या आधी कुणीतरी ते खिशातून काढलं. खिशापाशी हात कुणाचा गेला होता? बटणं कुणी लावली? मायकेलला मशीन शिकवलं कुणी, नंबर बसवून दिला कुणी? विचार इथवर आला की ती कूस बदलायची. आतल्या खोलीतून डॅरेनचं घोरणं ऐकू यायचं. चांगला होता पोरगा. सासू घरात आली तेव्हा त्याने स्वतःची खाट तिला दिली होती. पण दुसरं उत्तर जे होतं, ते तिला मनातसुद्धा उच्चारायचं नव्हतं. माणूस भीतीपोटी आपल्याच माणसावर संशय घेतो, त्यातलीच ही गत.

चौकीत हवालदाराने विचारलं, "नंबर कोणाकोणाला माहीत होता?" आणि तिने डॅरेनचं नाव सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं.

डॅरेनला जहाजावर नोकरी लागली होती. कागद मुंबईच्या ऑफिसात गेले होते, पोलिसांचा दाखला तेवढा यायचा होता. तोच हवालदार दोन दिवसांनी घरी आला आणि शेजाऱ्यांदेखत डॅरेनला चौकशीला घेऊन गेला. तो संध्याकाळी परत आला, पण दाखला अडकला.

फ्लेव्हिया आईसमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. "मम्मी, तुला पैसे हवे होते तर आम्हाला मागायचेस ना. ह्यांचं नाव कशाला सांगितलंस? आता हे शिपवर कसे जाणार?"

"मी फक्त विचारलेलं सांगितलं गो."

"तू ह्यांना चोर म्हटलंस," फ्लेव्हिया म्हणाली, आणि त्यानंतर आईशी बोलायचीच बंद झाली. ताट वाढायची, निघून जायची.

कार्मिनने ठरवलं, येत्या शनिवारी मशीनपाशी जाऊन बसायचं. डॅरेन असला तर डोळ्यांनी दिसेल. डॅरेन नसला, तर त्याच्या पाया पडायचं.

४

मशीनची खोली बँकेच्या बाजूलाच होती. चिंचोळी, काचेच्या दाराची, आणि त्या काचेवर आतून काळसर कागद चिकटवलेला. कार्ड खाचेत घासलं की दार उघडायचं. बाहेर स्टुलावर रामू नावाचा वॉचमन बसायचा. समोर रसवंतीचं दुकान होतं. कार्मिन तिथल्या बाकावर, दारावर नजर ठेवून बसली. माणसं आत जात होती, नोटा खिशात कोंबत बाहेर येत होती. त्यात डॅरेन नव्हता. उन्हं कलली.

मग बराच वेळ कुणी आलं नाही. रसवंतीचा चरक थांबला होता म्हणून असेल, तिला आतल्या मशीनचा आवाज ऐकू आला. नोटा मोजताना होते ती फडफड. ती उठून रस्ता ओलांडून दाराशी गेली.

"रुको, अंदर आदमी है," रामू म्हणाला.

"कोण है? मैंने तो किसी को जाते देखा नहीं."

"वो कोटवाले साहब. हर शनिवार आते हैं. इतनी गर्मी में कोट." रामूने बसल्याबसल्या जांभई दिली. "कभी मुँह इधर नहीं करते. बड़े लोग हैं."

काळ्या कागदातून आत एक आकृती दिसत होती. उंच, काळी, पाठमोरी. तिने काचेजवळ तोंड नेलं, आणि तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला.

"मम्मी, इथे काय करतेय तू? फ्लेव्हिया घाबरलीय घरी. सगळीकडे शोधतोय तुला."

डॅरेन होता. घामाने डबडबलेला, चपला घालून तसाच धावत आलेला. आणि आत मशीन अजून नोटा मोजत होतं.

तिने डॅरेनकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, एवढंच; पण वळून पुन्हा दाराकडे बघेपर्यंत दार स्प्रिंगने हळूहळू मिटत होतं आणि आत कुणी नव्हतं.

"किधर गया?"

"अभी तो गए," रामू म्हणाला. "आपके बाजू से ही तो गए."

डॅरेनने मिटतं दार हाताने धरलं आणि कार्मिन आत शिरली. आत विलक्षण गार होतं. यंत्राची घरघर, पांढरा उजेड, कोपऱ्यात चुरगळलेल्या चिठ्ठ्यांची टोपली. आणि वास. तो वास तिला कुठेही ओळखू आला असता. डांबरगोळ्यांचा.

"एसीचा वास असेल," डॅरेन म्हणाला. "चल मम्मी, थंडी लागेल तुला."

मशीनखाली, फरशीवर, काहीतरी पडलं होतं. ती वाकली. सेफ्टी पिन होती, गंजून वाकडी झालेली. गंजात वाळूचे कण अडकले होते. तिने ती मुठीत घट्ट धरली आणि बाहेर येऊन, भर रस्त्यात, जावयाचे पाय धरायला वाकली.

"अगं काय करतेस, मम्मी. लोक बघतायत," डॅरेन म्हणाला, आणि त्यालाच रडू कोसळलं.

५

सोमवारी ती डॅरेनला घेऊन चौकीत गेली. चूक माझीच, कार्ड माझ्याकडेच होतं, मीच पैसे काढत होते, वय झालं, लक्षात राहत नाही, असं लिहून तिने खाली सही केली. हवालदाराने तिला चार शब्द सुनावले, ते तिने खाली मान घालून ऐकून घेतले. दाखल्यावरचं बालंट गेलं.

तिथून दोघं बँकेत गेली, पण देवरुखकर साहेब ऐकेनात. "बाई, आता तरी कार्ड बंद करा. तुम्ही आधी हरवलं म्हणालात, आता सापडलं म्हणताय. पुन्हा घोळ झाला तर तुमच्या जावयालाच परत बोलावतील. मी आधीच सांगतोय."

डॅरेन बाजूलाच बसला होता. त्याने सासूकडे पाहिलं नाही, खाली फरशीकडे पाहिलं. त्या न पाहण्यानेच कार्मिनचा निर्णय झाला.

"बंद केलं की काय होतं, साहेब?"

"काय होणार? कोणी ते कार्ड मशीनमध्ये घातलं की मशीन गिळून टाकतं. पैसेही नाहीत आणि कार्डही परत नाही. रिकाम्या हाताने जा म्हणावं घरी."

ते सहज बोलले. साहेबांनी पुढे केलेल्या जागी तिने सही केली. सही करताना तिला सारखं वाटत होतं की आपण पुन्हा एकदा झाकण लावतोय, आणि या वेळी आतल्याला ऐकू जातंय.

बाहेर बाजारात इनास भेटला. उत्तनचा त्यांचा शेजारी, सुकट विकायला आला होता. टोपलीवरून त्याने तिला हाक मारली आणि भेटताक्षणी तक्रारच केली.

"काय कार्मिन, शनिवारी येतंस आन् आमच्याकडं डोकावत पण न्हायस?"

"मी कुठं आले? मृतांच्या दिवशी आले, तेव्हा भेटले की तुला."

"मग घरात कोण हाय? दर शनिवारी दिवे लागायच्या वक्ताला डब्याचं झाकण वाजतं. पत्र्याचं. माझी बायको बोलली, कार्मिन आली वाटतं, तांदूळ काढते." त्याने सुकटीवरची माशी हाकलली. "आमाला वाटलं, तुला एकटीला रडायचं असंल, म्हणून न्हाय आलो."

६

शनिवारी दुपारी ती उत्तनच्या बसमध्ये बसली. फ्लेव्हियाला सांगितलं, घर झाडून येते. फ्लेव्हिया आता बोलायला लागली होती. "मी येऊ का?" म्हणाली. कार्मिन नको म्हणाली.

चावी नेहमीच्याच जागी होती, अंगणातल्या क्रुसाच्या मागे, विटेखाली. ही जागा दोघांनाच माहीत होती. कुलूप उघडून ती आत गेली. बंद घराचा कुबट वास असायला हवा होता; तो होताच, पण त्याच्यात दुसराही मिसळला होता. फरशीवर धूळ साचली होती. उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत मात्र धूळ नव्हती, एक पट्टा पुसल्यासारखा झाला होता, ओढत चाललेल्या पावलांनी पुसतो तसा. पट्ट्यावर वाळू सांडलेली होती.

डबा फळीवर होता. झाकण काढताना वाजलं.

तांदळात नोटा होत्या. एकावर एक नाही, जशा शनिवारमागून शनिवार खुपसल्या गेल्या तशा. सगळ्या होत्या. कुठे एक कमी नव्हती. ती न मोजताच हे सांगू शकत होती, कारण मायकेलने आयुष्यात वाटेत कधी चहासुद्धा प्यायला नव्हता. नोटा दमट होत्या आणि त्यांच्या कडांना वाळू लागली होती. तिने एक नाकाशी धरली आणि फळीखाली फरशीवर बसली.

इतके आठवडे बँक चोर शोधत होती. पोलीस चोर शोधत होते. तिने स्वतः सोन्यासारख्या पोराला चोर ठरवलं होतं. आणि चोरी झालीच नव्हती. घरखर्चाचे पैसे घरात येत होते, दर शनिवारी, न चुकता. घरात माणूसच नव्हतं, तर त्याला तो काय करणार? तो येत होता, डबा उघडत होता, रिकाम्या घरात थोडा वेळ थांबतही असेल. हाक मारत असेल का? तो विचार तिला सोसवेना.

आणि सोमवारी आपण सही केली.

कार्मिन खूप रडली. मग डोळे पुसून उठली. भीती वाटत नव्हती असं नाही; बस अजून होती. जाऊ शकली असती. तिने चूल पेटवली. वरच्या नोटा बाजूला करून त्याच डब्यातले तांदूळ घेतले, धुतले, वाळू जाईपर्यंत पुन्हा धुतले आणि भात ठेवला.

७

चर्चची संध्याकाळची घंटा झाली. इनासकडे कुणीतरी रेडिओ बंद केला. भात झाला होता. तिने झाकण ठेवलं आणि दिवा लावायला हात पुढे केला, तेवढ्यात ओट्यावर आवाज आला.

बुटांचा नव्हता. मोजे घालून वाळूवरून यावं तसा, मऊ आणि ओढता. तो दारापर्यंत आला. थांबला. कडी वाजली नाही, दार हललं नाही. मग ओट्याच्या कडेवर काहीतरी जड, हळूच, टेकलं.

खूप वेळ काहीच झालं नाही. उंदीर असेल. इनासचा कुत्रा असेल, तो ओट्यावर येऊन बसतो. तिने मनाशी म्हणून पाहिलं. मग खिडकीच्या झडपेची फट तिने बोटभर उघडली.

बाहेर अजून अंधुक उजेड होता. तो दाराकडे पाठ करून बसला होता, खांदे पाडून, नेहमीसारखा. तोंड दिसत नव्हतं, तिने बघितलंही नाही. हात मांडीवर होते आणि त्यांत काही नव्हतं, नुसती जपमाळ. काळ्या कोटात मधोमध, कॉलरपासून कमरेपर्यंत, पांढऱ्या शर्टाची पट्टी दिसत होती. पल्ले दोन्ही बाजूंना लोंबत होते. पिना सगळ्या गळून गेल्या होत्या, एक वर कॉलरपाशी तेवढी राहिली होती.

तिने झडप लावली. तीस वर्षं जे वाक्य ती न विचार करता म्हणत आली होती, ते आता तिला म्हणावं लागणार होतं. ती म्हणाली नाही, तर तो उठणार नाही. बसून राहील, आणि मग कधीतरी जाईल, रिकाम्या हाताने, आणि पुढच्या शनिवारी यायला त्याच्याकडे निमित्तही उरणार नाही. कार्डसुद्धा त्या मशीनने घेतलं. आणि त्या गार खोलीत तो इतके महिने असाच उभा राहत होता, पाठ उघडी टाकून. ती पाठ तिनेच उघडी केली होती. पाठ कोण बघतंय, म्हणून.

तिने दिवा लावला. फळीवरून शिवणाचा डबा काढला. काळा रीळ होता. सुईत दोरा जाईना. डोळ्यांतलं पाणी मध्ये येत होतं. तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला. शेवटी गेला.

मग तिने जाऊन दाराची आतली कडी काढली आणि मागे मागे येत चुलीपाशी पाटावर बसली. सुई उजेडाकडे धरली आणि नजर त्या सुईवरच ठेवली.

"मायकेल," ती म्हणाली. "राहू दे पैशाचं. भात निवतोय. आत ये."

बाहेर ओट्यावरचं ओझं हललं. वाळू खसपसली. डांबरगोळ्यांचा वास दाराच्या फटीतून आत आला आणि दिव्यापर्यंत पोचला.

"पाठमोराच ये," कार्मिन म्हणाली. "कोट शिवून देते तुझा."

दार हळूहळू आत ढकललं गेलं. कार्मिनने मान वर केली नाही. तिने दोरा पुरेसा लांब ओढून घेतला आणि त्याच्या टोकाला गाठ मारली.